अठरावा उंट

झोप येत नाही तेव्हा लोक मेंढ्या मोजतात म्हणे. मी अपूर्णांक मिळवतो.

एकापासून सुरुवात. त्यात एक छेद दोन, मग एक छेद तीन, मग एक छेद चार, असं पुढे. कागद नाही, दिवा नाही, डोळे मिटलेले. एक आणि अर्धा दीड, इथवर फुकट. दीडमध्ये एक तृतीयांश घालायचं म्हटलं की पहिल्यांदा उशीवर कूस बदलावी लागते: ९/६ आणि २/६, झाले ११/६. त्यात पाव म्हणजे २२/१२ आणि ३/१२, मिळून २५/१२. पुढचा पाचवा भाग घातला की १३७/६०. सहावा भाग घालताना १४७/६० येतात, आणि तीनाने भाग देता येतो म्हणून ते आक्रसून ४९/२० होतात. सातव्याला मात्र दमछाक होते, आणि बहुतेक रात्री त्या दमछाकीतच कधीतरी डोळा लागतो.

ही सवय लागली ती भाचीच्या एका फोनमुळे. शाळेत भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली होती. "मामा, वरचे आकडे मिळवायचे तर खालचे का नाही मिळवायचे?"

मी म्हटलं, "कारण तसं चालत नाही. आधी छेद समान करायचे, मग फक्त अंश मिळवायचे."

"ते आम्हाला सांगितलंय. पण का?"

आयुष्यभर ज्या माणसाने आकडेमोडीवर पोट भरलं, त्याच्याकडे या 'का'ला उत्तर नव्हतं. म्हणजे नियम पाठ होता. तिरकस गुणाकार करा, खालच्यांचा गुणाकार खाली लिहा, वर बेरीज. हात आपोआप चालतो. पण हात कशासाठी चालतो, ते हाताला विचारायची वेळ कधी आली नव्हती. "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि त्या रात्री छताकडे बघत पडून राहिलो.

खरं तर तिचीच चूक मी तिच्या वयात केली होती. १/२ + १/३ = २/५. वरचे वर, खालचे खाली, दिसायलाही नीटनेटकं. वहीत त्यावर लाल फुली आली, शेजारी 'छेद समान करा' असा शेरा आला, आणि मी छेद समान करायला लागलो. प्रकरण मिटलं. पण त्या उत्तरात काय बिघडलं होतं हे ना मी बघितलं, ना मला कुणी दाखवलं. २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहेत! अर्ध्यात काहीतरी घातलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं. खिशात हात घालून पैसे ठेवावेत आणि खिसा हलका व्हावा, तसला प्रकार. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर लाल शाईची गरजच नव्हती.

या आंधळेपणात मी एकटा नाही, हे नंतर कळलं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ + ७/८ यांचं उत्तर साधारण किती येईल. नेमकी बेरीज करायची नव्हती, फक्त अंदाज. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, तेव्हा उत्तर दोनाच्या आसपास. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं. बाकीच्यांपैकी पुष्कळांनी १९ किंवा २१ ला पसंती दिली. म्हणजे वरचे मिळवले, नाहीतर खालचे. त्यांना तिथे दोन संख्या दिसतच नव्हत्या, चार आकडे दिसत होते.

माझी गोम तिथेच होती. १/२ लिहिलं की मला एक आणि दोन दिसायचे. अर्धा दिसायचा नाही.

गंमत अशी की तोंडी व्यवहारात ही चूक कुणीच करत नाही. अर्धा आणि पाव मिळून पाऊण, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो. त्याला छेद समान करावे लागत नाहीत, कारण ते काम भाषेने कधीच करून ठेवलंय. पाऊण म्हणजे पादोन, एक पाद उणा. म्हणजे शब्द तयार होतानाच कुणीतरी एकाचे चार पाव केले आणि त्यातला एक काढला. दीड हा मूळचा द्व्यर्ध, दुसरा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. आणि जुन्या पाढ्यांमध्ये साडेतीनसाठी जो औट होता, तो अर्धचतुर्थ. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडिचकी, औटकी अशी पाढ्यांची पलटणच्या पलटण आपल्याकडे होती. सगळ्यांचे छेद मात्र दोन आणि चार. चाराच्या पोटात दोन मावतो, त्यामुळे समच्छेद न बोलता होऊन जातो.

आता 'अर्धा आणि एक तृतीयांश' म्हणून बघा. जीभ अडते. पाच षष्ठांशाला आपल्याकडे पाऊणसारखा घरगुती शब्द नाही. दोनाच्या पोटात तीन नाही आणि तीनाच्या पोटात दोन नाही, म्हणून दोघांनाही आपलं घर सोडून तिसरीकडे कुठेतरी भेटावं लागतं. ते घर सहाचं. घड्याळाकडे बघितलं तर हे इतकं सहज होतं की लक्षातही येत नाही: अर्धा तास आणि तासाचा तिसरा भाग मिळून किती? तीस आणि वीस, पन्नास मिनिटं. इथे समच्छेद ६० आहे, पण त्याला आपण मिनिट म्हणतो, त्यामुळे धाक वाटत नाही. ६० हा आकडा बाबिलोनी लोकांनी हिशेबासाठी धरला आणि तो अजून आपल्या मनगटावर आहे. एक ते सहा सगळ्यांनी त्याला भाग जातो. सातवर मात्र तोही हरतो. तासाचा सातवा भाग म्हणजे ८ मिनिटं, ३४ सेकंद आणि वर सेकंदाचे दोन सप्तमांश. माझी रात्रीची गाडी सातव्याला का अडते, त्याचं मूळ इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीला व्हिडिओवर गाठलं आणि कागदाची एक लांब पट्टी कापायला सांगितली. आधी तिचे तीन सारखे भाग पडतील अशी घडी घाल. जमलं? (तीन सारख्या घड्या घालणं हे अर्धं करण्यापेक्षा फारच कटकटीचं काम आहे. तिने चार पट्ट्या वाया घालवल्या.) आता ती घडी तशीच ठेवून मधोमध दुमड आणि पट्टी उघड.

"किती भाग झाले?"

"सहा."

"पट्टीचा अर्धा भाग म्हणजे त्यातले किती?"

"तीन."

"आणि तिसरा भाग?"

"दोन. मग मिळून पाच!"

"पाच काय?"

ती थांबली. मीही थांबलो, कारण हा प्रश्न माझ्या तोंडून ठरवून गेला नव्हता. मग ती म्हणाली, "पाच तुकडे. हे छोटे. सहातले."

पाच काय? एवढंच ते होतं. अंश सांगतो किती आणि छेद सांगतो काय. छेद हा मोजलेला आकडा नाहीच, ते तुकड्याच्या जातीचं नाव आहे. तीन मीटर आणि दोन सेंटीमीटर मिळून पाच होत नाहीत हे पोराटोरांना कळतं, कारण नावं शब्दांत लिहिलेली असतात. अपूर्णांकात मात्र नावही आकड्यातच लिहितात, आणि आकडा दिसला की मिळवायला हात शिवशिवतात. लॅटिनमध्ये छेदासाठीचा जो शब्द पुढे युरोपभर पसरला, त्याचा अर्थच मुळी 'नाव देणारा' असा आहे. आणि अंशासाठीचा शब्द 'मोजणारा'. आपल्याकडचे जुने गणिती तर याहून स्पष्ट बोलले. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ही कृती अर्ध्या आर्येत, म्हणजे अर्ध्या श्लोकात, बसवली: छेदाने एकमेकांचे अंश आणि छेद गुणा, ते झालं 'सवर्णत्व'. एका रंगाचं करणं. आजच्या कानांना हा शब्द वेगळंच काहीतरी ऐकवतो, ते सोडून द्या. अपूर्णांकांच्या प्रकारांनाही ते 'जाती' म्हणत, भागजाती, प्रभागजाती. रंग एक झाला की मोजा, तोवर नाही.

आणि रंग बदलताना माल बदलत नाही. १/२ चे ३/६ केले तेव्हा आपण वर-खाली तीनाने गुणलं, म्हणजे ३/३ ने गुणलं, म्हणजे एकानेच गुणलं. पट्टीवर आणखी घड्या पडल्या, पट्टी लांब झाली नाही. शाळेत मला हे 'सममूल्य अपूर्णांक' या धड्यात शिकवलं आणि बेरीज पुढच्या धड्यात शिकवली. मधला पूल आपला आपण बांधायचा होता. माझा राहून गेला.

आता उंटांबद्दल. ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. एक म्हातारा सतरा उंट मागे ठेवून जातो. थोरल्याला अर्धे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. सतराचे अर्धे होईनात, भांडण पेटतं. एक शहाणा वाटसरू येतो आणि आपला उंट त्यांच्यात उभा करतो. झाले अठरा. थोरल्याला नऊ, मधल्याला सहा, धाकट्याला दोन. बेरीज सतरा. उरलेला आपला उंट घेऊन वाटसरू निघून जातो.

लहानपणी मला ही जादू वाटायची आणि मोठेपणी लबाडी. मध्यरात्री केव्हातरी लक्षात आलं की ही तर माझ्या भाचीच्या धड्याची गोष्ट आहे. १/२, १/३ आणि १/९ यांचा समच्छेद किती? अठरा. ९/१८, ६/१८, २/१८. बेरीज १७/१८. म्हणजे म्हाताऱ्याने सगळी इस्टेट वाटलीच नव्हती, अठरावा भाग कुणाच्याच नावावर केला नव्हता. वाटसरू बरोबर घेऊन आला तो उंट नव्हे, छेद. तिघांचे हिस्से ज्या मापाने बिनतोड मोजता येतील ते माप त्याने मैदानात उभं केलं, मोजणी झाली आणि ते परत नेलं.

यात आणखी एक बारकी गोष्ट आहे, आणि ती मला मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडते. मृत्युपत्रानुसार थोरल्याला साडेआठ उंट मिळायचे होते, मिळाले नऊ. अर्धा उंट जास्त. मधल्याचा हक्क पाच पूर्णांक दोन तृतीयांश, मिळाले सहा. तिसरा भाग जास्त. धाकट्याला एक पूर्णांक आठ नवमांशाऐवजी दोन, नववा भाग जास्त. तिघांचा हा फायदा मिळवा: अर्धा, एक तृतीयांश, एक नवमांश. पुन्हा तेच तीन अपूर्णांक, पुन्हा १७/१८. आणि सतरा उंटांपैकी न वाटलेला अठरावा भाग म्हणजे किती? तोही बरोबर १७/१८ उंट. बेवारस हिस्सा आपोआप त्याच प्रमाणात तिघांत वाटला गेला आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच जास्त मिळालं. वाटसरूला नमस्कार करावासा वाटतो तो यासाठी.

अठराच का आणला, छत्तीस का नाही, चोपन्न का नाही? २ × ३ × ९ केलं तर ५४ येतात आणि चोपन्नानेही हिशेब जमतो: २७, १८ आणि ६, मिळून ५१/५४. पण त्यासाठी सदतीस उंट उसने आणावे लागले असते. थोडक्यात लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, सगळ्या छेदांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या) म्हणजे कमीत कमी उसनवारी. छेदांचा सरळ गुणाकार केला तरी उत्तर चुकत नाही, आकडे मात्र फुगतात. ५/१२ आणि ७/१८ मिळवताना गुणाकाराने २१६ चा छेद येतो, १७४/२१६, आणि मग तो खाली उतरवत २९/३६ वर आणायचा. लसाविने गेलात तर पहिल्यापासून ३६: १५ आणि १४, एकोणतीस. शाळेत जो लसावि काढायला लावत, तो कशासाठी हे या बेरजेपर्यंत कळत नाही, आणि बेरजेला पोचेपर्यंत पोरं लसाविला वैतागलेली असतात.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त दोन्ही वाटा एकाच श्लोकात ठेवल्या आहेत. पहिली वाट, एकमेकांच्या छेदांनी गुणा. दुसरी, छेदांना आधी त्यांच्या सामाईक भाजकाने भागून घ्या आणि मग त्या छोट्या झालेल्या छेदांनी गुणा. 'सुधी', म्हणजे बुद्धिमान, हा शब्द दुसऱ्या वाटेच्या ओळीत येतो. पहिलीला नावं ठेवलेली नाहीत, पण इशारा पुरेसा आहे. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी लसाविला 'निरुद्ध' असं स्वतंत्र नाव देऊन तो याच कामाला जुंपला होता.

भास्कराचार्यांचं वजाबाकीचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. चौदाव्या भागातून त्रेसष्टावा भाग वजा कर, असं ते विद्यार्थ्याला सांगतात, आणि सांगताना त्याला 'मित्र' म्हणतात. (माझ्या वहीतल्या शेऱ्यात मित्र नव्हता.) १४ म्हणजे २ सत्ते, ६३ म्हणजे ९ सत्ते. सामाईक सात बाजूला काढला की उरतात २ आणि ९. लसावि १२६. ९/१२६ वजा २/१२६, उरले ७/१२६, म्हणजे १/१८. दोन्ही छेदांत ठाण मांडून बसलेला सात उत्तरातून साफ नाहीसा झाला! हे उदाहरण सहज सुचलेलं नाही. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असतील, तर बेरीज-वजाबाकीत छेदातला मूळ अवयव गळून पडतो तो फक्त दोन्ही छेदांत सामाईक असलेलाच. १/२ आणि १/३ मध्ये सामाईक काहीच नाही, म्हणून पाच षष्ठांशाला आणखी संक्षेप देता येत नाही. माझ्या रात्रीच्या बेरजेत सहाव्याला जो तीन गळला, तो ६० आणि ६ या दोघांतही होता म्हणूनच.

पूर्णांकांच्या जगात बेरीज सोपी आणि गुणाकार अवघड. अपूर्णांकांत आलं की सगळं उलटं होतं. अर्ध्याचा तिसरा भाग? वर वर गुणा, खाली खाली गुणा, सहावा भाग, संपलं. गुणाकाराला जात-बित विचारावी लागत नाही. आणि ज्या बेरजेने आपण पहिलीत गणितात पाऊल टाकलं, तीच इथे कागदपत्रं मागते. पाचवी-सहावीतल्या मुलांनी गडबडून जाऊ नये तर काय करावं! त्यातून गुणाकाराची 'वर वर, खाली खाली' ही सरळ रीत एकदा हातात बसली की तीच बेरजेला लावायचा मोह होतोच.

इजिप्तच्या लोकांनी वेगळीच शक्कल काढली. त्यांनी अंशच काढून टाकला. दोन तृतीयांशासाठी त्यांच्याकडे खास चिन्ह होतं, पण बाकी बहुतेक सगळे अपूर्णांक ते एक अंशाचे, आणि तेही एकमेकांहून वेगळे, असेच लिहीत. आमोस नावाच्या लेखनिकाने ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास एका त्याहून जुन्या लेखावरून नकलून काढलेली पपायरसची गुंडाळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात सुरुवातीलाच दोन छेद विषम संख्यांचा लांबलचक तक्ता आहे. त्यात २/५ म्हणजे १/३ आणि १/१५. माझं चुकलेलं उत्तर तिथे असं ताठ मानेने बसलेलं बघून बरं वाटलं. पण खरी गंमत तिथल्या काही बेरजांत आहे. एक सोयीची संख्या धरायची आणि प्रत्येक अपूर्णांकाखाली त्या संख्येतले आपल्या वाट्याचे किती, ते लिहायचं. १/३ आणि १/१५ साठी पंधरा धरले तर खाली ५ आणि १. मग खालचे आकडे मिळवायचे. हा समच्छेदच झाला, फक्त त्याला तसं नाव नव्हतं. हे मदतीचे आकडे आमोस लाल शाईने लिहितो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची लाल शाई, आणि ती चूक दाखवायला नव्हती.

आता त्या २/५ कडे पुन्हा एकदा वळतो, कारण त्याच्यावर थोडा अन्याय झालाय असं मला वाटत राहिलं. वरचे वर आणि खालचे खाली मिळवून जे येतं त्याचा एक नेमका गुण आहे. ते नेहमी दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतं. १/३ आणि १/२ च्या मध्ये २/५. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छेदांचे सगळे अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडले, तर मधला प्रत्येक अपूर्णांक म्हणजे त्याच्या दोन शेजाऱ्यांची अशीच 'बेरीज' असते, हे १८१६ मध्ये जॉन फेरी नावाच्या भूशास्त्रज्ञाने एका छोट्या टिपणात मांडलं, फ्रेंच गणिती कोशीने ते सिद्ध केलं, आणि त्या 'चुकीच्या बेरजे'वर संख्यासिद्धांतात एक अख्खं दालन उभं राहिलं. शिवाय ही बेरीज आपण रोज करतोही. एका खेळाडूने पहिल्या डावात दोन प्रयत्नांत एकदा नेम साधला, दुसऱ्या डावात तीन प्रयत्नांत एकदा. दोन्ही डाव धरून? पाचात दोनदा. २/५, बिनचूक. म्हणजे लहानपणीचं माझं उत्तर चूक नव्हतं, मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. पट्टीच्या प्रश्नात 'पूर्ण' म्हणजे तीच एक पट्टी, अर्धा तिचाच आणि तिसरा भागही तिचाच. खेळाडूच्या प्रश्नात पूर्ण दोन आहेत, एक दोन प्रयत्नांचा आणि एक तीन प्रयत्नांचा, आणि आपण ते दोन पूर्ण जोडतोय.

पण ही दुसरी रीत फार बेभरवशाची आहे, हेही सांगायला हवं. दोन खेळाडू घ्या. सकाळी पहिल्याने पाचात १ नेम साधला, दुसऱ्याने आठात २. दुसरा सरस. संध्याकाळी पहिल्याने आठात ६, दुसऱ्याने पाचात ४. पुन्हा दुसराच सरस, कारण ६/८ म्हणजे पाऊण आणि ४/५ त्याहून थोडे जास्त. दिवसाचा हिशेब करा: पहिल्याचे तेरात ७, दुसऱ्याचे तेरात ६. दोन्ही वेळा हरलेला दिवसाअखेर जिंकला! एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये या कोड्यावर लिहिलं म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं, पण संख्याशास्त्रज्ञ युल यांनी ते १९०३ मध्येच हेरलं होतं. खरी बेरीज असा दगा कधीच देत नाही. लहानात लहान आणि मोठ्यात मोठं मिळवलं तर लहान बाजू लहानच राहते. हे भाचीला सांगायचं मी टाळलं. एका आठवड्यात तिला पुरेसं झालं होतं.

रात्रीचा हिशेब अजून चालू आहे. मला कुतूहल होतं की एकापासून मिळवत गेल्यावर कधीतरी बेरीज नेमकी पूर्णांकावर येऊन थांबेल का. दोन ओलांडले, पण दोनावर पाय पडला नाही. दहाव्या भागापर्यंत ७३८१/२५२० येतात, तीनाला अगदी टेकलेले. अकराव्याला ८३७११/२७७२० होऊन तीनही ओलांडतात. (हे मात्र मी दिवसा, कागदावर केलं.) बेरीज वाढत कितीही पुढे जाते, तिला वरची मर्यादा नाही, पण शंभर ओलांडायचे तर ४४ अंकी संख्येइतके भाग मिळवावे लागतील. आणि पूर्णांकावर ती कधीच थांबणार नाही. का, ते समच्छेद करून बघितलं की पाच मिनिटांत दिसतं, आणि मला तर अंथरुणात उठून बसायला लागलं.

एक ते दहा सगळ्यांचा लसावि २५२०. प्रत्येक भागाचे अंश मांडा: २५२०, १२६०, ८४०, ६३०, ५०४, ४२०, ३६०, ३१५, २८०, २५२. नजर फिरवा. सगळे सम, फक्त ३१५ विषम. तो आठव्या भागाचा. कारण एक ते दहा यांत आठाने भाग जाणारी संख्या आठ ही एकच, पुढची थेट सोळा. लसाविने दोनाचा तिसरा घात घेतला तो तिच्यासाठीच, म्हणून तिच्या वाट्याला एकही दोन उरला नाही. इतर सगळ्यांकडे निदान एक दोन शिल्लक आहे. नऊ सम आणि एक विषम, बेरीज विषम. छेद सम. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणं शक्यच नाही. आणि तुम्ही कितीही पुढे गेलात तरी दोनाचा सर्वांत मोठा घात असा एकटाच सापडणार, त्यामुळे प्रत्येक रात्री तोच एक विषम अंश आडवा येणार. छेद समान केल्याशिवाय हे दिसलंच नसतं. दहा वेगवेगळ्या जातींचे तुकडे एका रांगेत, एका मापात उभे केले तेव्हा कुठे तो वेगळा उठून दिसला.

मागच्या आठवड्यात भाचीचा निरोप आला. वहीच्या पानाचा फोटो होता. १/२ − १/३ = १/६. १/३ − १/४ = १/१२. १/४ − १/५ = १/२०. खाली लिहिलं होतं, 'मामा, वर नेहमी १ च येतो. खालच्यांचा नुसता गुणाकार. असं नेहमीच होतं का?'

मी लिहिलं, हो, लागोपाठचे छेद असले की नेहमीच. आणि विचारलं, आता खालचे आकडे का मिळवायचे नाहीत ते कळलं ना?

'ते केव्हाच कळलं,' तिने लिहिलं. 'आता १/६, १/१२, १/२० असे सगळे मिळवत गेलं तर काय येतं ते सांग.'

अर्ध्यापासून सुरू केलं. अर्धा आणि सहावा भाग म्हणजे दोन तृतीयांश. त्यात बारावा, पाऊण. विसावा घातला, चार पंचमांश. तिसावा घातला, पाच षष्ठांश. लसावि काढायची गरजच पडेना, प्रत्येक नवा तुकडा मागच्या फटीत अलगद बसत होता आणि एक अंगठ्याएवढी नवी फट ठेवून जात होता. एकेचाळीस बेचाळिसांशापर्यंत आल्याचं आठवतं.